टेकडी नऊ मिलिमीटर उंच झाली

मुळशी, १२ नोव्हेंबर २००७

तीर्थरूप बाबांना,

रजनीचा नमस्कार. खरं तर पाडव्यालाच फोनवर करणार होते, पण हेमलताकाकू म्हणाल्या, "अगं, भाऊजी आत्ताच फिरायला बाहेर पडले." मागून तुमचा खोकला ऐकू येत होता. फलटणला माणूस फिरायला जातो आणि खोकला घरी राहतो, हे मला नवीन होतं. असू दे. तुम्ही फोनवर येत नसाल तर मी पत्रं लिहीन. पत्र आलं की तुम्ही सगळ्यात आधी चष्मा शोधता, ही बातमी काकूंनी फितूर होऊन मला दिली आहे.

चकल्या पोचल्या असतील. भाजणी आईच्या प्रमाणानं केली, तरी जरा कडक झाल्यात. दातांना जपा.

काकूंनी फोनवर विचारलं, "तुम्ही बापलेक त्या टेकडीवर नेमकं करता काय? इतकी वर्षं झाली, मला कुणी नीट सांगितलंच नाही." मी तुमच्याच शब्दांत सांगितलं. आकाशात आरसे जडवलेला एक गोळा फिरतोय, त्याला उपग्रह म्हणायचं. खालून त्याच्यावर लेसरचा झोत मारायचा. उजेड त्याच्यावर आपटून परत येईस्तोवर किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून अंतर काढायचं. वर्षानुवर्षं असं मोजत राहिलं की आपल्या पायाखालची जमीन कुठं सरकतेय तेही कळतं. काकू म्हणाल्या, "एवढंच? मग भांडण कशावरून?"

कशावरून ते काय सांगणार! तुमच्या निरोपसमारंभात साहेबांनी नव्या लेसरची घोषणा केली. तुम्ही हार गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवलात आणि जेवण न करता टेकडी उतरलात. त्याला अडीच वर्षं झाली. घोषणा त्या दिवशी करायला नको होती, हे मला मान्य आहे. पण प्रस्ताव माझा होता आणि तो मी आजही मागं घेत नाही. तुमचा लेसर सेकंदाला दहा वेळा कडाडायचा, एकेक झोत दांडगा. नवा सेकंदाला दोन हजार वेळा सुटतो, पण झोत एवढासा. त्याच्या उजेडाचा एखादा कण परत आला तरी त्याला पुरतं, आणि झोत इतके असतात की सरासरी फार बारीक निघते. व्यासपीठावरून उतरताना तुम्ही त्याला "टिमटिम दिवा" म्हणालात, ते पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आलं होतं.

तर तुमचा टिमटिम दिवा दसऱ्यापासून सुरू झालाय. आणि काय सांगू बाबा, संगणकाचा पडदा परत आलेल्या झोतांच्या हिरव्या ठिपक्यांनी नुसता भरून जातो! तुमचा फळा अजून भिंतीवरच आहे. कुठल्या पाळीला किती झोत परत मिळाले ते रोज खडूनं लिहायचं, आणि हरणाऱ्या पाळीनं पौडहून कांदाभजी आणायची, ही तुमची पद्धत आम्ही मोडलेली नाही. फक्त झोत परत आला की "लागलं!" म्हणून ओरडायचं बंद केलंय. एवढ्या वेळा ओरडलं तर घसा बसेल. सौरभ म्हणून नवा मुलगा आलाय, जांब्याला राहतो, हिंजवडीची नोकरी सोडून आमच्याकडे आला. त्याच्या पाळीनं मला दोनदा हरवलं, म्हणून मी लेसरची ताकद चढवली आणि दुर्बिणीपुढची, परत येणारा उजेड कमी करणारी काळी काच काढून टाकली. आता भजी तोच आणतो.

खालच्या वाडीतल्या लिलाबाई मात्र नाराज आहेत. टेकडीवर हिरवा दिवा लुकलुकला की आभाळ स्वच्छ आहे, नाचणी खळ्यावर उघडी ठेवायला हरकत नाही, हा तुमच्या वेळेपासूनचा त्यांचा हिशेब. परवा झाडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, दिवा बिगडलाय व्हय? लुकलुकत न्हाई. निसता बारीक दोरा दिसतुया. म्या समदी नाचणी उचलून आत घ्येतली." त्यांना किती समजावलं, पण त्यांचा विश्वास लुकलुकण्यावर आहे.

तुमचा लेसर नीट आहे. झाकून ठेवलाय.

रजनी


मुळशी, २१ डिसेंबर २००७

बाबा,

मागच्या पत्रात एक गोष्ट मी तुम्हाला खोटी सांगितली. तुमचा लेसर झाकून ठेवलेला नाही. दिवाळीपासून रोज दिवेलागणीला दोन्ही लेसर आलटून पालटून एकाच उपग्रहावर चालवतोय. जुन्या नोंदी नव्या नोंदींना जोडायच्या तर दोघांचं माप जुळतं का ते आधी बघावं लागतं. मला वाटलं होतं, जुळलं की मगच तुम्हाला सांगावं, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल.

जुळत नाही. नव्या लेसरनं उपग्रह नऊ मिलिमीटर जवळ दिसतो. एकदा नाही, रोज. परदेशातल्या ज्या केंद्रात सगळ्या जगाच्या नोंदी तपासल्या जातात, त्यांनीही विचारलं की तुमची टेकडी अचानक वर कशी आली. सौरभ पाळीवर येणाऱ्या प्रत्येकाला म्हणतो, "सांभाळून चढा, टेकडी उंच झालीये."

हसायला ठीक आहे. पण काल समितीची बैठक झाली. त्यांचं म्हणणं सरळ आहे. नवा लेसर जास्त बारीक मोजतो, म्हणजे नवा बरोबर. नवा बरोबर तर जुना चूक. आणि किती वर्षांपासून चूक ते कुणालाच माहीत नाही, म्हणून जुन्या सगळ्या नोंदी रद्द समजायच्या आणि केंद्राचं माप यंदापासून नव्यानं सुरू करायचं. मार्चअखेरीला तसा ठराव होईल.

हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. एवढंच.

रजनी


मुळशी, २० जानेवारी २००८

बाबा,

अडीच वर्षांनी तुमचं पहिलं कार्ड आलं. पत्ता माझ्या ऑफिसचा, मजकूर तीन शब्दांचा: "खांब काय म्हणतो?" खाली सहीसुद्धा नाही. जुईलीनं विचारलं, आजोबांकडे शाई कमी आहे का?

खांब काय म्हणतो, हे विचारायचं मलाही सुचलं होतं. एवढी ढ नाही मी. समोरच्या डोंगराच्या सोंडेवरचा तो पांढरा खांब. संध्याकाळचं काम सुरू करण्याआधी पहिला झोत त्याच्यावर मारायचा, अंतर ठरलेलं, ते बरोबर आलं की मगच आकाशाकडे वळायचं. तुम्ही त्याला खांबाचा नमस्कार म्हणायचात. आजही आम्ही तो चुकवत नाही. आणि खांब दोन्ही लेसरना तंतोतंत सारखंच अंतर सांगतो. म्हणजे जमिनीवर दोघंही खरे, आणि आभाळात गेलं की एक खोटा! यानं कोडं सुटलं नाही, उलट वाढलं. तुमच्या तीन शब्दांबद्दल आभारी आहे.

राग आलाय मला, ते लपवत नाही. परवा समितीत मी मार्चअखेरीचा ठराव पुढं ढकला म्हणून भांडत होते. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "रजनीताई, हे तुम्ही केंद्रप्रमुख म्हणून बोलताय की जनार्दनरावांची मुलगी म्हणून?" दोन्ही म्हणून, असं म्हणायला हवं होतं. ते जिना उतरताना सुचलं.

बाबा, मला भीती वाटते. समितीचं खरं असलं तर? माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी तुम्ही टेकडीवर होतात. आईच्या ऑपरेशनच्या संध्याकाळी तुम्ही उपग्रह मावळल्यावर दवाखान्यात आलात. आई म्हणायची, "तिकडं वर त्यांचं कुणीतरी आहे, त्याला सोडून येता येत नाही." मी तेव्हा तुमच्यावर चिडायचे, पण मनात कुठंतरी वाटायचं की या संध्याकाळी कुठंतरी जमा होताहेत. आपल्या घरातून गेलेलं काहीतरी त्या नोंदींमध्ये आहे. आता त्या रद्द झाल्या तर तुम्ही घरी नव्हतात एवढंच उरेल. हे मला सहन होणार नाही. तुम्हाला कसं होईल ते तुम्हालाच ठाऊक.

भूगावच्या फ्लॅटची किल्ली मिळाली. सतरा फेब्रुवारीला, रविवारी वास्तुशांत आहे. पत्रिका वेगळी पाठवलीय. तिळगूळ सोबत आहे. गोड बोला म्हणत नाही, नुसतं बोला.

रजनी


भूगाव, १९ फेब्रुवारी २००८

बाबा,

आला नाहीत. पूजेला बसले होते तेव्हा दाराकडे तोंड होतं, म्हणून गुरुजी दोनदा म्हणाले, "ताई, लक्ष इकडे." असो, त्यावर मी आज भांडणार नाही. आज मला दुसरंच सांगायचंय आणि ते तुमच्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

जेवणाची वेळ साडेबाराची दिली होती. दोनशे माणसं बोलावली होती. साडेदहाला आचारी अजून भोपळी मिरची चिरतोय, भात चढायचाय, मी साडी नेसतेय, आणि बेल वाजली. तुमच्या जावयाच्या, जयसिंगच्या ऑफिसातले एक गृहस्थ सहकुटुंब दारात! मी चिडले. म्हटलं, लोकांना पत्रिका वाचता येत नाही का? जयसिंग मला म्हणाला, "अगं, दोनशे माणसं बोलावल्यावर त्यातला एखादा साडेदहाला येणारच. एकट्या जोशींना बोलावलं, तर ते कधी लवकर येतात, कधी उशिरा. गर्दी बोलावलीस की पहिला पाहुणा नेहमी लवकरच."

मी हातात निऱ्या घेऊन तशीच उभी राहिले. जयसिंगला वाटलं मला चक्कर येतेय.

बाबा, नव्या लेसरचं घड्याळ पहिला कण आला की थांबतं. मागून कोण येतंय ते बघत नाही, पहिल्यालाच दार उघडतं. उपग्रह तर आरशांचा गोळा, काही आरसे आपल्या बाजूला, काही जरा मागं. परत येणारा कण एकटा असला तर तो कधी पुढच्या आरशावरून येईल, कधी मागच्या, आणि सरासरी बरोबर मधली निघेल. परदेशातल्या हिशेबात नव्या लेसरसाठी हीच मधली जागा धरलेली आहे. पण मी काय केलं? ताकद चढवली, काळी काच काढली. एका झोतामागं मूठभर कण परत यायला लागले, आणि त्यातला पहिला नेहमी पुढच्याच आरशावरचा. म्हणून उपग्रह जवळ. खांबावर झोत आपटतो ती फळी सपाट, तिथं पुढंमागं काही नाहीच, म्हणून खांब दोघांनाही सारखंच सांगत होता. तुमच्या लेसरचा झोत पहिल्यापासूनच दांडगा, त्याच्यासाठी हिशेबात वेगळी सूट अगदी सुरुवातीपासून धरलेली आहे. त्याचं काहीच चुकत नव्हतं.

कण एकटाच यायला हवा, हे नव्या यंत्राच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं. पण त्या फळ्यापुढं लहानाची मोठी झाले मी! जास्त लागलं की चांगलं, हे माझ्या हातातच बसलंय. सौरभ दोन महिन्यांत आमच्यातलाच झाला. भजीसाठी आम्ही सगळ्यांनी मिळून टेकडी वर उचलली.

काल सोमवारी संध्याकाळी काळी काच परत बसवली आणि ताकद उतरवली. पडदा बघवेना. शंभर झोत जावेत आणि सातआठ परत यावेत, बाकी सगळं रिकामं. सौरभ म्हणाला, "मॅडम, सगळंच मेलं की!" मी म्हटलं, थांब. उपग्रह मावळेपर्यंत आम्ही दोन्ही लेसर आलटून पालटून चालवत राहिलो. मग दोन्ही लेसरची मापं शेजारी शेजारी ठेवली. फरक एक मिलिमीटर.

एका संध्याकाळच्या मापावर विश्वास ठेवायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून नाचत नाहीये. पण घरी येताना पौडच्या पुढं गाडी बाजूला घेऊन थोडी रडले. बरं वाटलं.

रजनी


मुळशी, २६ मार्च २००८

तीर्थरूप बाबा,

काल बैठक झाली. फरक महिनाभर एक मिलिमीटरच्या आतच राहिला, कधी इकडं, कधी तिकडं. परदेशातूनही कळवलंय की तुमची टेकडी परत जागेवर आली. समितीनं ठराव मागं घेतला. तुमच्या सगळ्या नोंदी राहिल्या. अध्यक्षांनी मला चहा विचारला, मी म्हटलं, जनार्दनरावांची मुलगी म्हणून घेते.

म्हणजे तुमच्या नोंदी खऱ्या ठरल्या आणि तुमचा फळा खोटा ठरला. माझा लेसर खरा ठरला आणि मीच तो चुकीच्या पद्धतीनं वापरत होते. कोण जिंकलं ते तुम्हीच ठरवा. फळा मी काढलेला नाही. फक्त सौरभनं नियम उलटा केलाय, शंभरात दहाच्या वर ज्याला लागलं त्यानं भजी आणायची. परवा लिलाबाई टेकडीवर आल्या, अंगणात ऊन खात होत्या. मी विचारलं, आता हिरडा बाहेर ठेवता का? तर म्हणाल्या, "ठिवते की. दोरा बारीक दिसतुया, पर दिसतुया. आमी आता तेच्याकडंच बगतो." तुम्ही अजून पाहिला नाही, त्यांनी मान्य केला.

तुमचं दुसरं कार्ड मिळालं. "पत्रिका मिळाली होती. गुडघा दुखत होता." हे खरं असलं तर डॉक्टरांना दाखवा. खोटं असलं तर मला जास्त आवडेल. तुम्ही माझ्यासाठी सबब शोधलीत, हेच मोठं आहे.

काल सगळे गेल्यावर मी तुमच्या पहिल्या नोंदीपासून परवाच्या माझ्या नोंदीपर्यंत सगळं एकाच आलेखावर काढलं. एक रेघ येते, आपली जमीन ईशान्येला सरकतेय ती. सावकाश, न थांबता. मी बोट ठेवून शोधत होते की तुमचं कुठं संपलं आणि माझं कुठं सुरू झालं. सापडलं नाही. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवलाय, ऑफिसात लावायचं धाडस झालं नाही.

तुमचा लेसर आता बंद करायचाय. त्याचं काम झालं. ते बटण दुसऱ्या कुणी दाबू नये असं मला वाटतं, मी तर दाबणारच नाही. त्यासाठी येत नसाल तर घर बघायला या. भूगावला चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, गुडघ्याची सबब चालणार नाही. काकूंना, काकांना पुढच्या खेपेला बोलावते, या खेपेला तुम्ही एकटेच या.

रविवारी या. वेळ कळवू नका, कळवली तरी मी धरणार नाही. एकटा पाहुणा लवकर येतो की उशिरा, ते कुणालाच सांगता येत नाही. मी सकाळपासून दार उघडं ठेवते.

तुमची
रजू